पाड्यावरचा चित्रकार आणि समकालीन कला



नवोदित चित्रकाराच्या प्रदर्शनाची पुस्तिका उघडली की चित्रांच्या आधी त्याचा परिचय वाचायला मिळतो. जन्म कुठला, पदवी कोणत्या कला महाविद्यालयाची, शिष्यवृत्ती कोणती, समूहप्रदर्शने किती. या चार ओळींवर गॅलरी, संग्राहक आणि वृत्तपत्रातला समीक्षक आपला पहिला अंदाज बांधतात, आणि पुष्कळदा तोच शेवटपर्यंत टिकतो. परिचयातल्या ओळी ज्याच्यापाशी नाहीत त्याचे काम कितीही नवे असले तरी ते 'लोककला', 'आदिवासी कला' किंवा 'हस्तकला' या दुसऱ्या दालनात जाते. आज मला एकच गोष्ट मांडायची आहे. उदयोन्मुख समकालीन चित्रकार कोण, हे त्याच्या पार्श्वभूमीवरून ठरवण्याची सवय चुकीची आहे. ते त्याच्या कामाच्या रीतीवरून ठरले पाहिजे : तो काय पाहतो, जे पाहतो त्यासाठी रेषा कशी बदलतो, मिळालेल्या परंपरेत स्वतःची कोणती भर घालतो. या म्हणण्याला लागणारा पुरावा शोधायला दूर जावे लागत नाही, तो आपल्या पालघर जिल्ह्यातच आहे.

सुरुवात डहाणू तालुक्यातल्या गंजाडपासून करावी लागते. वारल्यांच्या घरात चित्र येत असे ते लग्नाच्या निमित्ताने. कुडाची भिंत शेणाने सारवून, गेरू देऊन, तिच्यावर तांदळाच्या पिठाने चौक लिहायचा. चौकात पालघट देवी, भोवती झाडे, माणसे, प्राणी, तारपा या वाद्याच्या तालावर धरलेला फेर. हा चौक लिहिणाऱ्या सवासिनी, त्याला गाण्याने जाग आणणारी धवलेरी. चित्र विधीचा भाग होते, विधी संपला की त्याचे काम संपत असे. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी हस्तकला मंडळाच्या कामासाठी या भागात आले. मिथिलेतल्या स्त्रियांना कागद देऊन चित्रे काढायला लावण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. इथे त्यांना जिव्या सोमा मशे भेटले. 1934 साली जन्मलेले मशे लग्न नसतानाही, विधी नसतानाही, रोज चित्र काढत होते. ही गोष्ट साधी नाही. विधीतून सुटलेल्या चित्राला आपले कारण स्वतःच शोधावे लागते, आणि मशे यांनी ते शोधले. कागदावर, आणि पुढे शेणाने सारवलेल्या कॅनव्हासवर, त्यांनी चौकाची चौकट सोडली. मासे धरण्याच्या जाळ्याचे त्यांचे चित्र आठवा. सगळा पृष्ठभाग बारीक विणीने भरलेला, डोळा कुठे थांबवावा हे कळू नये इतकी ती वीण हलणारी, आणि तिच्या पसाऱ्यात चिमुकला माणूस. मुंग्यांच्या चित्रांतही हीच दाटी, हेच सळसळणे. चौकात देवी मध्यभागी असते आणि बाकीचे तिच्याभोवती. मशे यांच्या कॅनव्हासवर मध्यच उरत नाही. कुठल्याही कला महाविद्यालयात हा बदल कुणी केला असता तर त्याला चित्रभाषेतला शोध म्हटले गेले असते. गंजाडमध्ये झाला म्हणून त्याला 'पारंपरिक' म्हटले गेले.

या म्हणण्याचे व्यवहारात काय झाले तेही पाहू. 1975 मध्ये मुंबईत केमोल्ड या कलादालनाने मशे यांची चित्रे मांडली. 1976 मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पुढे शिल्पगुरू हा सन्मान आणि 2011 मध्ये पद्मश्री. शिल्पगुरू हा किताब केंद्राचे वस्त्रोद्योग मंत्रालय देते. म्हणजे चित्रकलेचा विचार करणारी ललित कला अकादमी एका बाजूला आणि चित्रकाराचा सन्मान करणारे खाते दुसऱ्या बाजूला. अपवाद नव्हते असे नाही. यशोधरा डालमिया यांचे वारली चित्रांवरचे इंग्रजी पुस्तक 1988 मध्ये अकादमीनेच काढले. त्याच्या आधी, 1982 मध्ये उघडलेल्या भोपाळच्या भारत भवनात चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी शहरी आणि आदिवासी कलावंतांची कामे एकाच वास्तूत, समकालीन म्हणून मांडली होती. त्यांच्याच शोधातून गोंड चित्रकार जनगढसिंह श्याम पुढे आले. 1989 मध्ये पॅरिसच्या 'मॅजिसियाँ द ला तेर' या प्रदर्शनात जनगढ आणि मशे दोघेही युरोप-अमेरिकेतल्या नामांकित कलावंतांच्या बरोबरीने होते. 2003 मध्ये ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयाने ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग आणि जिव्या सोमा मशे यांचे एकत्र प्रदर्शन भरवले. बाहेर प्रश्न इतका मोकळेपणाने विचारला जात असताना आपल्याकडे मात्र दालने वेगळीच राहिली. 2018 मध्ये मशे गेले तेव्हाही बहुतेक मराठी बातम्यांत 'वारली कला जगभर पोहोचवणारे' असेच वर्णन होते. ते खरे आहे, पण अपुरे आहे. त्यांनी कला पोहोचवली हे सांगताना ती बदलली हे सांगायचे राहून गेले.

मशे यांच्यानंतरच्या पिढीकडे पाहिले की वर्गवारीची ही पद्धत आणखीच अडचणीत येते. राजेश वांगड गंजाडचेच. 2013 पासून त्यांनी दिल्लीच्या छायाचित्रकार गौरी गिल यांच्याबरोबर 'फिल्ड्स ऑफ साइट' ही मालिका केली. गिल यांच्या काळ्या-पांढऱ्या छायाचित्रांवर वांगड शाईने रेखाटतात. छायाचित्रात एक रिकामे वाटणारे रान असते, कडेला एखादा माणूस. वांगड त्या रिकामेपणात तिथे घडून गेलेले भरतात : दुष्काळ, पूर, देव, तोडलेली झाडे, उभे राहणारे शहर. कॅमेऱ्याला एक क्षण दिसतो. त्या जागेत राहणाऱ्याला तिथली साठ वर्षे दिसतात. ही दोन प्रकारची पाहणी एकाच कागदावर आणणे ही समकालीन चित्रविचारातली अस्सल भर आहे, आणि तिच्यातला अर्धा वाटा अशा चित्रकाराचा आहे ज्याची रेषा कुडाच्या भिंतीवरून आली. गंजाडचेच मयूर आणि तुषार वायेडा हे बंधू त्याहून तरुण. ब्रिस्बेनच्या दहाव्या एशिया पॅसिफिक ट्रायेनियलमध्ये, 2021-22 मध्ये, त्यांची चित्रे होती. चेन्नईच्या तारा बुक्ससाठी त्यांनी बियाण्याच्या विषयावर पुस्तकही केले आहे. तिकडे जव्हारकडे सुभाष आणि भगवान धर्मा कडू हे बंधू बोहाड्याचे मुखवटे घडवणाऱ्या घरातले. बोहाड्यात देव आणि दैत्य यांचे मुखवटे नाचवले जातात. कागदाच्या लगद्याची ही कला हातात असलेल्या कडू बंधूंनी आणि त्यांच्या सोबत्यांनी गौरी गिल यांच्या 'ॲक्ट्स ऑफ अपिअरन्स' या कामासाठी आजच्या माणसांचे, प्राण्यांचे, रोजच्या वस्तूंचे मुखवटे केले. ते घालून गावकरी आपल्याच घरात, दुकानात, दवाखान्यात वावरले आणि त्यांची छायाचित्रे 2017 मध्ये डॉक्युमेंटा या प्रदर्शनात, पुढे न्यूयॉर्कच्या मोमा पीएस-वनमध्ये लागली. देवाचा मुखवटा करणारा हात आजारी माणसाचा चेहरा घडवू लागतो तेव्हा परंपरा मोडते की वाढते, यावर आपण वाद घालू शकतो. पण हा वाद समकालीन कलेतलाच आहे, हे कुणाला नाकारता येणार नाही.

आता शेजारी दुसरे उदाहरण ठेवतो. प्रभाकर पाचपुते यांचा जन्म 1986 चा, चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्तीचा, म्हणजे कोळशाच्या खाणींच्या मुलखातला. ते खैरागडला शिकले, नंतर बडोद्याला, मग मुंबईत आले. त्यांच्या चित्रांत खाण-कामगार असतात, कधी डोक्याच्या जागी दिवा असलेले, कधी अवजारच शरीर झालेले. भिंतभर चित्रे ते कोळशाने काढतात, ज्या कोळशाने त्यांच्या गावची जमीन खाल्ली त्याच कोळशाने. 2022 मध्ये व्हेनिस बिएनालेच्या मुख्य प्रदर्शनात त्यांचे काम होते, आणि त्यांना समकालीन म्हणताना कुणी क्षणभरही थांबत नाही. ते योग्यच आहे. पण वांगड आणि पाचपुते यांच्या कामाची तुलना करा. दोघांचा विषय जमीन. दोघांचे साधन जिथून विषय आला तिथलेच. दोघेही आकृती सोपी करतात आणि जागा गुंतागुंतीची. एकाच्या परिचयात दोन विद्यापीठे आहेत, दुसऱ्याच्या परिचयात एक जमात. चित्रे बाजूला ठेवून केवळ हा फरक पाहिला तरच दोन दालने उभी राहतात. म्हणूनच मी म्हणतो की चित्रकार ज्या रस्त्याने आला तो रस्ता आपण मोजतो आहोत, त्याचे काम नाही.

यावर पहिला आणि सर्वांत गंभीर आक्षेप खुद्द आदिवासी समाजातून येतो, आणि तो मनापासून ऐकला पाहिजे. चौक कुणा एकाचा नव्हता, तो जमातीचा होता. त्यातून एकेक नाव वेगळे काढून त्याला 'कलावंत' म्हणणे ही बाजाराची चाल आहे, त्यामुळे सामूहिक वारशाची वाटणी होते, असे हे म्हणणे आहे. यात तथ्य आहे, आणि त्याची सर्वांत जड किंमत स्त्रियांनी मोजली आहे. चौक लिहिणाऱ्या सवासिनी होत्या. चित्र कागदावर आले, विकले जाऊ लागले, परदेशी जाऊ लागले तेव्हा नावे मात्र बहुतेक पुरुषांची झाली. आजच्या व्याख्यानात मी घेतलेली वारली नावेही पुरुषांचीच आहेत. प्रवास, व्यवहार, इंग्रजी बोलणारा मध्यस्थ, शहरातला मुक्काम या सगळ्यांत जो घराबाहेर पडू शकला तो चित्रकार झाला. पण यावर उपाय म्हणून नावेच पुसून टाकली तर स्त्रियांना काय मिळेल? 'वारली चित्र' असे निनावी लिहिले की त्या चित्रामागची स्त्री पहिल्याइतकीच अदृश्य राहते. फायदा होतो तो कुर्त्यावर, कपबशीवर, हॉटेलच्या भिंतीवर आकृत्या छापणाऱ्याचा, कारण निनावी वारसा फुकट उचलता येतो. सामूहिक वारसा आणि एकट्याचे काम या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. ख्यालाची बंदिश घराण्याची असते आणि गाणे गाणाऱ्याचे, हे मराठी रसिकाला समजावून सांगावे लागत नाही. चित्राच्या बाबतीतच आपण ते का विसरतो?

दुसरा आक्षेप असा की वांगड, कडू यांची कामे शहरातल्या कलावंताच्या हाताला धरून जगापुढे आली, तेव्हा त्यांना स्वतंत्र समकालीन कलाकार कसे म्हणायचे. इथे सरसकट उत्तर देता येत नाही, प्रत्येक काम वेगळे तपासावे लागते. 'फिल्ड्स ऑफ साइट'वर दोन नावे बरोबरीने येतात, कारण रेषा पुसली तर चित्रच उरत नाही. मुखवट्यांच्या मालिकेत छायाचित्रे गिल यांच्या नावाने लागतात आणि घडवणाऱ्यांची नावे वर्णनात येतात. ती आदराने येतात हे मान्य करूनही माझे मत असे आहे की मुखवटा हेच ज्या चित्राचे केंद्र आहे तिथे घडवणाऱ्याचे नाव शीर्षकाच्या ओळीत असायला हवे. पण सहकार्य घेतले म्हणून स्वातंत्र्य गेले, हा नियम आपण फक्त आदिवासी कलावंतालाच लावतो. शहरातल्या कलावंतामागे शिक्षक असतो, गॅलरी असते, क्युरेटर असतो, ओतकाम करणारा कारागीर असतो. पाचपुते यांच्या वाटेवरही मुंबईचा क्लार्क हाऊस हा कलासमूह होता. कुणीही एकटा पुढे येत नाही. पुढे आणणारे हात जसे बडोद्याला होते तसे गंजाडला नव्हते, आणि जे आले ते बाहेरून आले, इतकाच फरक.

आता बोईसर-तारापूरकडे येऊ, कारण माझ्या म्हणण्याची खरी कसोटी इथे आहे. गंजाडला परंपरा होती, इथे काय आहे? 1969 मध्ये तारापूरचे अणुवीजकेंद्र सुरू झाले, देशातले पहिले. त्याच्या तिसऱ्या आणि चौथ्या संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवली गेली. औद्योगिक वसाहतीत रसायने, औषधे, पोलाद, कापड यांचे कारखाने आले आणि त्यांच्यामागे देशभरातून कामगार आले. नवापूरच्या समुद्रात जाणाऱ्या सांडपाण्याविरुद्ध मच्छीमार मांगेला समाजाच्या परिषदेला हरित लवादाकडे जावे लागले. 30 ऑगस्ट 2024 रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली. द्रुतगती महामार्ग, मालवाहू रेल्वेमार्ग, बुलेट ट्रेन, सगळ्यांच्या रेषा याच पट्ट्यातून जातात. पन्नास-पंचावन्न वर्षांत एखाद्या किनाऱ्याचे रूप इतके बदलावे आणि त्यातून एकही चित्रकार राज्याला माहीत होऊ नये, याचा विचार आपण करायला हवा. मुलांकडे नजर नाही असे कुणी म्हणेल तर मला ते मान्य नाही. चिंचणी, वरोर, वाढवण या बाजूला घरोघरी डायमेकिंग चालते. पोलादाच्या ठोकळ्यावर दागिन्याची नक्षी उलटी आणि खोलात कोरायची, म्हणजे त्यावर दाबलेल्या सोन्याच्या पत्र्यावर ती सुलटी आणि उठावात येते. उलट्यातून सुलटे पाहणे, पोकळीतून उठाव पाहणे ही शिल्पकाराची आणि मुद्राचित्रकाराची नजर आहे. ती इथे पिढ्यांच्या हातात आहे. वाढवणला विरोध करणाऱ्यांत मच्छीमार आणि बागायतदारांच्या बरोबरीने डायमेकरही उभे होते, ते आपल्या पोटापाण्यासाठी. पण त्यांच्या हातातल्या विद्येला चित्र-शिल्पविद्या म्हणून कुणी कधी हाक मारली नाही.

याचे कारण आपल्या कलाशिक्षणाच्या मांडणीत आहे. शासकीय कला महाविद्यालये मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी वेगळा झाला, पण त्याला चित्रकला शिकवणारी शासकीय संस्था मिळाली नाही. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा आहेत, त्यांचे गुण दहावीला मिळतात म्हणून मुले बसतातही. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन, भूमिती : हा पाया चांगला आहे, मी त्याला नावे ठेवणार नाही. पण त्यातून हातात काय येते, तर परीक्षकाला अपेक्षित असलेली फुलदाणी. आपल्या आजीच्या हातचा चौक, वडिलांच्या हातचा ठसा, होडीच्या नाळेवरचा रंग हेही चित्रविद्येचे भाग आहेत, हे मुलाला कुणी सांगत नाही. मग तो दहावीनंतर आयटीआयकडे जातो, किंवा पाड्यावरचा असेल तर दर भिंतीला ठरावीक पैसे घेऊन तारप्याचा तोच फेर रंगवत राहतो. इथे मला तिसरा आक्षेप ऐकू येतो : शिक्षणाला इतके महत्त्व देत असाल तर मग पदवीवर टीका कशाला? उत्तर असे की शिक्षण हवेच, आणि सगळ्यांत जास्त ते गंजाडला आणि बोईसरला हवे. माझा विरोध पदवीला प्रवेशपत्र करण्याला आहे. शिकल्याने काम खोल झाले तर ते कामात दिसेल, वेगळे सांगावे लागणार नाही.

आणखी एक भीती काहींना वाटेल. या भागातल्या चित्रकाराने अणुभट्टी, बंदर, प्रदूषण हेच काढावे, अशी अट आपण घालतो आहोत का? तशी अट घातली तर 'आदिवासी' या पेटीऐवजी 'प्रश्न मांडणारा' ही दुसरी पेटी तयार होईल, आणि ती तितकीच घातक ठरेल. मशे यांचे जाळे कुठल्याही समस्येवर बोलत नाही. तरी ते समकालीन आहे, कारण पाहण्याची रीत त्यात नव्याने घडते. उलट बंदराचे चित्र काढूनही रेषा जुनीच, उसनी राहिली तर ते भित्तिपत्रक होईल, चित्र होणार नाही. विषय चित्रकाराचा. त्याला हवे तर त्याने आयुष्यभर आंब्याचे एकच झाड काढावे.

शेवटी व्यवहाराबद्दल, कारण केवळ सौंदर्यविचाराने चित्रकाराचे घर चालत नाही. वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशांक मिळाला आहे. तो 'वारली' या नावाचे रक्षण करतो, समूहाच्या हक्काचे ते मोठे साधन आहे. पण एका चित्रकाराच्या एका चित्राचे रक्षण त्याने होत नाही, ते 1957 च्या कॉपीराइट कायद्याने होते. त्यातही एक खाच आहे. पैसे देऊन सांगून करवून घेतलेल्या चित्राचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, करवून घेणाऱ्याकडे जातो. म्हणून भिंत रंगवण्याचे काम घेताना चित्रकाराने दोन ओळींचा का होईना, लेखी करार करावा. आणि कॉपीराइट गेला तरी कलम 57 प्रमाणे 'हे चित्र माझे आहे' असे सांगण्याचा हक्क त्याच्याकडेच राहतो. तारापूरच्या कारखानदारांसाठीही एक गोष्ट. 2013 च्या कंपनी कायद्यात ज्या कामांवर सामाजिक उत्तरदायित्वाचा निधी खर्च करता येतो, त्यांत कला आणि संस्कृती यांचे संवर्धन आहे. ज्या कंपन्यांना हा कायदा लागू होतो त्यांनी ठरवले तर बोईसरला एक सार्वजनिक चित्रशाळा उभी राहू शकते, जिथे वारली चित्रकार, डायमेकर आणि कारखान्यातल्या कामगारांची मुले एका टेबलावर काम करतील. त्यासाठी राज्य सरकारची वाट पाहण्याची गरज नाही.

ते होईपर्यंत आपल्यापैकी प्रत्येकाला एक काम करता येईल. तुमच्या कंपनीच्या स्वागतकक्षात, शाळेच्या पडवीत, सोसायटीच्या फाटकावर वारली चित्र असेल, तर ते कुणी काढले याची चौकशी करा. काढणारी स्त्री असेल तर तिचे नाव विचारा, तिला घेऊन आलेल्या पुरुषाचे नव्हे. आणि ते नाव, गाव आणि वर्ष चित्राच्या खाली मराठीत लिहून घ्या.